काचेतला बुडबुडा आणि समुद्रातली वाट : खांदेरीच्या दीपगृहापासून ओगलेवाडीच्या कंदिलापर्यंत (थ्रेड)

१/
मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला उत्तनचा किनारा आहे आणि तेथील टेकडीवर दीपगृह उभे आहे. रात्री मासेमारीहून परतणाऱ्या होड्यांना ही खूण दुरूनच ओळखू येते. दीपगृहाचा झोत मैलोगणती दूर पोहोचला, तो केवळ दिव्याच्या तेजामुळे नव्हे. दिव्याभोवती बसवलेल्या काचेमुळे. हा थ्रेड त्या काचेचा, तिच्यातील दोषांचा आणि ते दोष घालवण्यासाठी दोन शतके चाललेल्या खटपटीचा आहे.

२/
आरंभीच एक प्रश्न. काच या देशाला नवी नव्हती. नेवासे, तेर, कोल्हापूरजवळचे ब्रह्मपुरी येथील उत्खननांत प्राचीन काचेचे मणी आणि बांगड्या सापडल्या आहेत. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी या परंपरेचा इतिहास लिहिला आणि मुंबई विद्यापीठाने तो १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. मग मणी आणि बांगड्या घडवणाऱ्या देशाला एकोणिसाव्या शतकात दीपगृहाचे भिंग आणि साध्या कंदिलाची काचही परदेशातून का आणावी लागली?

३/
उत्तर एका शब्दात सांगायचे तर : दोष. बांगडीत बुडबुडा राहिला तर बांगडीचे काही बिघडत नाही. उलट तो शोभूनही दिसतो. भिंगात तोच बुडबुडा राहिला तर प्रकाश विखुरतो. म्हणून काच वितळवता येणे ही एक विद्या आणि निर्दोष काच ओतता येणे ही दुसरी विद्या होय. या दोन विद्यांमधील अंतर कापायला युरोपलाही पुष्कळ काळ लागला.

४/
काचेतील दोष मुख्यतः चार प्रकारचे. पहिला, बुडबुडे : कच्चा माल वितळताना निघालेले वायू बाहेर पडू न शकल्याने राहिलेले. दुसरा, रेघा : रस नीट एकजीव न झाल्याने काचेत राहिलेल्या दाट-विरळ शिरा. तिसरा, खडे : न वितळलेली वाळू किंवा मुशीच्या मातीचे सुटलेले कण. चौथा सर्वांत फसवा, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही : काच थंड होताना तिच्या पोटात अडकून राहिलेला ताण.

५/
हा ताण निर्माण कसा होतो? साच्यातील काच बाहेरून आधी थिजते. आतील भाग अजून तप्त असतो. पुढे आतला भाग आकसू लागतो, पण बाहेरचे कवच त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण काचेत कायमची कोंडली जाते. अशी काच कधी हातात, कधी घासताना, कधी महिन्याभराने कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकते. त्यावर उपाय एकच : काच विशिष्ट तापमानाला धरून ठेवून अतिशय सावकाश थंड करणे. शास्त्रीय मराठीत याला अनुशीतन म्हणतात.

६/
आता कथेला आरंभ करू. अठराव्या शतकाच्या अखेरीस दीपगृहांत दिव्यामागे धातूचे आरसे बसवीत. आरशाच्या पृष्ठभागावर पुष्कळसा प्रकाश शोषला जाई. काचेचे मोठे बहिर्वक्र भिंग वापरावे, तर ते मध्यभागी इतके जाड होई की तेवढा निर्दोष गोळा ओतणे अशक्य. ओतला तरी वजन आणि प्रकाशाची हानी दोन्ही प्रचंड.

७/
फ्रेंच अभियंता ऑगस्तँ फ्रेनेल याने १८२० च्या दशकात यातून मार्ग काढला. प्रकाश वळतो तो भिंगाच्या पृष्ठभागावर. मधली जाडी निरुपयोगी ओझे असते. मग ती जाडी काढून टाकून पृष्ठभागाचे तुकडे पायऱ्यांप्रमाणे मांडले तर? मध्ये एक लहान भिंग आणि त्याभोवती एकात एक बसणारी काचेची कडी. १८२३ मध्ये जिरोंद नदीच्या मुखाशी असलेल्या कोर्दुआँ दीपगृहात हे भिंग प्रथम उजळले.

८/
कल्पना सुंदर होती. हाल झाले ते काच ओतणाऱ्यांचे. सोलेई नावाच्या चष्मेवाल्या कारागिराने फ्रेनेलसाठी ही भिंगे घडवली. अखंड कडे ओतणे तेव्हा जमत नव्हते, म्हणून कडी लहान लहान तुकड्यांनी जोडावी लागली. काचेत हिरवट झाक असे, बुडबुडे असत, रेघा असत. फ्रेनेल १८२७ मध्ये अवघ्या ३९ व्या वर्षी क्षयाने वारला. त्याचे गणित पुरे झाले होते. त्या गणिताला साजेशी काच मात्र अजून यायची होती.

९/
रेघांवरचा उपाय त्याआधीच एका स्विस माणसाने शोधला होता. प्येअर लुई गिनाँ हा विद्यापीठात शिकलेला शास्त्रज्ञ नव्हता. हाताने काम करणारा कारागीर होता. वितळलेली काच भाजलेल्या मातीच्या दांड्याने सतत ढवळत राहिली, तर जड आणि हलके थर एकजीव होतात आणि बुडबुडेही वर येतात, हे त्याने अनेक वर्षांच्या अपयशानंतर सिद्ध केले. पाकाला ढवळावे तशी ही गोष्ट वाटते. पण धगधगत्या भट्टीपुढे तासन् तास उभे राहून ती करावी लागे.

१०/
गिनाँने ही विद्या जिवापाड गुप्त ठेवली. काही वर्षे तो बव्हेरियात काम करीत होता. तेथे योझेफ फ्राउनहोफर त्याच्या सहवासात आला. गिनाँच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाकडून ती फ्रान्समधील जॉर्ज बोंताँ याच्याकडे गेली. १८४८ च्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत बोंताँ इंग्लंडला आला आणि बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्स या कारखान्यात रुजू झाला. ज्ञानाचा हा प्रवास लक्षात ठेवावा : ते ग्रंथांतून आले नाही, माणसांबरोबर चालत आले. तळेगावच्या कथेतही हेच पुन्हा दिसेल.

११/
बुडबुड्यांवर तेव्हा आणखी एक थोर माणूस झुंजत होता : मायकेल फॅरडे. रॉयल सोसायटीच्या समितीसाठी १८२५ पासून त्याने दुर्बिणींच्या काचेवर प्रयोग केले. मातीच्या मुशीचे कण काचेत उतरतात म्हणून त्याने प्लॅटिनमची भांडी घेतली. बुडबुडे बाहेर पडावेत म्हणून रसात प्लॅटिनमची बारीक भुकटी टाकली. तिच्या कणांवर लहान बुडबुडे एकत्र येऊन मोठे होत आणि वर निघून जात. व्यापारी दृष्ट्या प्रयत्न फसला. परंतु त्याच जड काचेचा एक तुकडा वापरून १८४५ मध्ये त्याने चुंबकत्व आणि प्रकाश यांचा संबंध शोधला.

१२/
चौथ्या दोषाला, म्हणजे अदृश्य ताणाला, दृश्य करण्याचे श्रेय स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर याचे. ताणलेली काच ध्रुवित प्रकाशातून पाहिली तर तिच्यात रंगीत पट्टे उमटतात, हे त्याने १८१५-१६ च्या सुमारास दाखवले. तोवर कारागिराला ताण कळे तो काच फुटल्यावर. आता तो फुटण्यापूर्वी कळू लागला. दोष कमी होण्याच्या इतिहासातील हा मोठा टप्पा आहे. योगायोग असा, की दीपगृहांत भिंगे वापरावीत म्हणून ब्रिटनमध्ये आग्रह धरणाऱ्यांतही हाच ब्रूस्टर होता.

१३/
चान्स ब्रदर्सने १८५१ च्या सुमारास दीपगृहांच्या भिंगांचे काम हाती घेतले. त्याच वर्षीच्या लंडनच्या प्रदर्शनातील स्फटिकमहालाची काचही त्यांचीच. पद्धत साधारण अशी : ढवळून एकजीव केलेला रस पळीने ओतीव लोखंडाच्या साच्यात ओतायचा, कडे अथवा लोलक हवे त्यापेक्षा थोडे जाड ठेवायचे, मग ते भट्टीत कित्येक दिवस सावकाश थंड होऊ द्यायचे. त्यानंतर फिरत्या पाटावर बसवून वाळू, कुरुंद आणि शेवटी लोहाच्या तांबड्या भुकटीने घासून झिलई द्यायची.

१४/
जाड का ठेवायचे? कारण साच्याने दिलेला आकार अंतिम नसे. थंड होताना काच आकसते, किंचित वाकते. साच्याच्या लोखंडाला टेकलेली कातडी खरबरीत होते. म्हणून वरचा थर घासून टाकावा लागे. साचा स्थूल आकार देई, अचूक आकार हातांची मेहनत देई. ‘साच्यातून थेट तयार भिंग’ हे स्वप्न पुरे व्हायला पुढे शतकाहून अधिक काळ लागला. त्या टोकाशी आपण शेवटी येऊ.

१५/
काच निर्दोष झाली, तरी काम संपत नसे. शेकडो लोलक पितळी चौकटीत बसवताना एखादा अंशभर जरी कलला, तर त्याचा प्रकाश क्षितिजाऐवजी आकाशात किंवा दीपगृहाच्या पायथ्याशी पडे. ब्रिटनमध्ये १८५९ ते १८६१ या काळात राजनियुक्त आयोगाने दीपगृहांची तपासणी केली, तेव्हा असे चुकीचे बसवलेले दिवे आढळले. फॅरडे तेव्हा दीपगृहांचा शास्त्रीय सल्लागार होता. त्याने आणि जेम्स चान्सने मिळून प्रत्येक लोलक स्वतंत्रपणे तपासून बसवण्याची पद्धत रुळवली.

१६/
या सगळ्याशी आपल्या किनाऱ्याचा काय संबंध? १८६० नंतर अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई बंदराकडे येणारी जहाजे वाढत गेली. बंदराच्या तोंडाशी खडक, वाळूचे दांडे आणि पावसाळ्यात नाहीसे होणारे क्षितिज. कोळ्यांना ही वाट पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीने ठाऊक होती. लिव्हरपूलहून येणाऱ्या कप्तानाला ती ठाऊक नव्हती. त्याला दिवा हवा होता.

१७/
१८६७ मध्ये खांदेरीवर दीपगृह उभे राहिले. हीच ती खांदेरी, जिच्यावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि मायनाक भंडारी यांच्या आरमाराने इंग्रजांना व सिद्दीला तोंड देऊन तो राखला. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या नावाचा दरारा येथे होता. आज बेटाला त्यांचेच नाव आहे. ज्या खडकावरून इंग्रजांची जहाजे रोखली गेली, त्याच खडकावरून दोन शतकांनी इंग्रजांच्या जहाजांना वाट दाखवणारा दिवा लागला.

१८/
त्याच १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईकडे उपनगरी आगगाडीची नियमित फेरी सुरू झाली. वसईच्या खाडीवरून, आजच्या मीरा-भाईंदरच्या भूमीतून ती गाडी जाऊ लागली. रुळांच्या कडेला सिग्नलचे तेलाचे दिवे आणि त्यांच्यापुढे रंगीत काचा. पुढे १८७५ मध्ये कुलाब्याच्या दक्षिणेस प्रॉन्ग्स दीपगृह पुरे झाले. थॉमस ऑर्मिस्टन हा त्याचा अभियंता. समुद्रावर आणि रुळांवर, दोन्हीकडे माणसांचे प्राण काचेवर अवलंबून राहू लागले. आणि ती काच परकी होती.

१९/
सिग्नलच्या काचेची एक वेगळीच अडचण होती. आत ज्योत पेटलेली, काच तापलेली. बाहेरून पावसाचा थेंब पडला की तडा. पांढरा दिवा आणि तडकलेला तांबडा दिवा यांत गाडीवानाची गफलत झाली तर अपघात. अमेरिकेतील कॉर्निंग कारखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेच्या कंदिलांसाठी तापमानाच्या फरकाने न फुटणारी बोरॉनयुक्त काच तयार केली. त्याच संशोधनातून १९१५ मध्ये पायरेक्स बाजारात आली. प्रयोगशाळेतील चंचुपात्राचा पूर्वज आगगाडीचा कंदील आहे.

२०/
दरम्यान जर्मनीत आणखी मोठी गोष्ट घडली. येना येथे ऑटो शॉट, एर्न्स्ट आबे आणि कार्ल त्साइस यांनी १८८४ मध्ये काचेची प्रयोगशाळा काढली. कोणता घटक किती घातला की अपवर्तनांक किती बदलतो, कोणत्या तापमानाला किती वेळ धरले की ताण किती उरतो, याची त्यांनी पद्धतशीर मोजणी केली. कारागिराचा अंदाज हळूहळू कोष्टकात उतरला. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, तेव्हा दुर्बिणींची बहुतांश काच शत्रूकडून येते, हे ब्रिटनच्या ध्यानी आले. चान्सचे देशी उत्पादन गरजेच्या मानाने फारच अपुरे होते.

२१/
आता तळेगाव. अंताजी दामोदर काळे यांनी एक साधी कल्पना मांडली : प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग उभा राहावा. लोकमान्य टिळकांनी पैसा फंडाला पाठबळ दिले. १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला धाडण्यात आले.

२२/
कारखान्याची सूत्रे ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती. ते उत्तर हिंदुस्थानातले. काचेचे शास्त्र त्यांनी जपान आणि अमेरिका येथे शिकले होते. एक पैसा देणारा शेतकरी, निधी गोळा करणारा कार्यकर्ता आणि परदेशातून विद्या घेऊन आलेला तंत्रज्ञ अशी ती जुळणी होती. यांतील पहिले दोन घटक तेव्हाच्या महाराष्ट्रात पुष्कळ सापडत. तिसरा दुर्मीळ होता आणि त्याच्याशिवाय पहिल्या दोघांचे कष्ट भट्टीत जळून जात.

२३/
याचे कारण काचेच्या स्वभावात आहे. वाळूत लोहाचा अंश किंचित जास्त असला की काच हिरवी होते. मग रंग मारण्यासाठी मँगनीज घालावे लागते, आणि ते जास्त झाले की काच जांभळट होते. कोळशाच्या भट्टीचे तापमान पाळीगणिक खालीवर झाले की बुडबुडे राहतात. अनुशीतनाची भट्टी घाईने उघडली की दुसऱ्या दिवशी फडताळावर तुकडे सापडतात. स्वदेशीच्या व्रताने ग्राहक एकदा महाग काच घेईल, दुसऱ्यांदाही घेईल; तिसऱ्यांदा कंदिलाची काच तडकली की तो विलायती काचेकडे वळेल. भावना बाजारपेठ मिळवून देते. ती टिकवायची असेल तर दोष कमी व्हावे लागतात.

२४/
म्हणून तळेगावचे मोठेपण केवळ तेथे झालेल्या मालात मोजू नये. तो कारखाना म्हणजे काचविद्येची शाळा होती. तेथे हात बसलेले कारागीर हिंदुस्थानातील इतर कारखान्यांत गेले आणि कित्येक ठिकाणी भट्ट्या पेटल्या. वार्ष्णेय स्वतः पुढे संयुक्त प्रांतात गेले आणि बहजोईच्या काच कारखान्याशी त्यांचे नाव जोडले गेले. गिनाँपासून बोंताँपर्यंत विद्या जशी माणसांबरोबर चालत गेली, तशीच ती तळेगावातून चालत गेली. फरक इतकाच, की गिनाँने ती कुलुपात ठेवली होती आणि तळेगावने ती शिकवली.

२५/
१९१६ मध्ये श्रीपाद प्रभाकर ओगले आणि त्यांच्या बंधूंनी कराड रेल्वे स्थानकाजवळ, औंध संस्थानाच्या हद्दीत, ओगले काच कारखाना काढला. किर्लोस्करांना १९१० मध्ये माळावर जागा देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी येथेही पाठीशी उभे राहिले. वसाहतीचे नावच ओगलेवाडी पडले. महायुद्धामुळे परदेशी काच येणे आटले होते. देशी कारखान्यांना श्वास घ्यायला ती उसंत मिळाली. खरी कसोटी युद्ध संपून आयात पुन्हा सुरू झाल्यावर लागणार होती.

२६/
ओगल्यांचे नाव घरोघर गेले ते ‘प्रभाकर’ कंदिलामुळे. वडिलांचे नाव प्रभाकर; शब्दाचा अर्थ सूर्य. कंदिलाची काच ही भिंगाइतकी नाजूक मागणी करीत नाही, परंतु चौथ्या दोषाची परीक्षा ती रोज संध्याकाळी देते. आत ज्योत, बाहेर सह्याद्रीचा पाऊस. गोठ्यात, ओसरीवर, शेताच्या बांधावर हीच काच टिकावी लागे. प्रभाकर कंदील पिढ्यान् पिढ्या वापरात राहिला, याचा अर्थ अनुशीतनाची भट्टी कोणीतरी वर्षानुवर्षे नेमाने सांभाळली होती. त्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत; त्यांचे काम मात्र अनेक घरांच्या माळ्यावर आजही आहे.

२७/
दुर्बिणीची काच मात्र अजून दूरच होती. ते काम स्वातंत्र्यानंतर कलकत्त्यात झाले. जादवपूर येथील केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत डॉ. आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली भिंगांच्या काचेचे तंत्र देशातच विकसित झाले आणि १९६० च्या सुमारास उत्पादनाला आरंभ झाला. आत्माराम यांचा जन्म १९०८ चा, म्हणजे तळेगावच्या भट्टीच्याच वयाचे. एका माणसाच्या अर्ध्या आयुष्यात हा देश कंदिलाच्या काचेपासून दुर्बिणीच्या काचेपर्यंत आला.

२८/
आणि साच्यातून थेट तयार भिंगाचे ते स्वप्न? १९७० व ८० च्या दशकांत ते साकारले. कोडॅकच्या १९८२ च्या डिस्क कॅमेऱ्यात साच्यात दाबून घडवलेले काचेचे भिंग होते. आता लोखंडाऐवजी टंगस्टन कार्बाइडसारख्या अतिकठीण पदार्थाचे साचे असतात. काच वितळवून ओतत नाहीत; ती मऊ होईल इतकीच तापवून नायट्रोजनच्या वातावरणात दाबतात. हवेतील ऑक्सिजनने साचा खराब होऊ नये आणि काच साच्याला चिकटू नये, म्हणून साच्यावर अतिसूक्ष्म लेप चढवतात.

२९/
तंत्र बदलले, दोष जवळपास तेच राहिले. साचा आणि काच यांच्यामध्ये वायू अडकला की पृष्ठभागावर खळगा पडतो. लवकर थंड केले की ताण राहतो आणि अपवर्तनांकही बदलतो. थंड होताना काच आकसते, म्हणून आकुंचन आधीच हिशेबात धरून साच्याचा आकार मुद्दाम किंचित ‘चुकीचा’ कोरतात. मग भिंग बरोबर येते. चान्सच्या कारागिराने जाड ओतून घासले, आजचा अभियंता गणिताने साचा बदलतो. दोघांनाही सावकाश थंड करण्यापासून सुटका नाही.

३०/
या कथेतून तरुण अभ्यासकाने काय घ्यावे? उद्योगाचा इतिहास आपण बहुधा संस्थापकांच्या आणि उद्घाटनांच्या तारखांनी सांगतो. परंतु पहिली काच कधी निघाली यापेक्षा शंभरातल्या किती फुटल्या आणि त्या कमी कशा झाल्या, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कारखान्यांच्या नोंदवह्या, भट्टीचे आराखडे, जुन्या कामगारांच्या आठवणी यांत त्याचे उत्तर दडलेले असते. आणि हीच साधने सर्वांत आधी रद्दीत जातात. ज्यांच्या घरात असे कागद असतील, त्यांनी ते जपावेत.

३१/
शेवटी एक लहानसा प्रयोग. गावच्या घरी प्रभाकर कंदील असेल तर त्याची काच पुसून उन्हात धरावी आणि हळूहळू फिरवावी. एखादा लांबट बुडबुडा, एखादी पाण्यासारखी रेघ दिसते का पाहावे. लांबट बुडबुडा काच कोणत्या दिशेने ओढली गेली ते सांगतो. आणि कधी उत्तनला जाणे झाले, तर अंधार पडेपर्यंत थांबून टेकडीकडे नजर टाकावी. त्या प्रकाशामागे कोर्दुआँचे जोडलेले तुकडे, गिनाँचा मातीचा दांडा आणि एकेक पैसा देणारी माणसे आहेत.

(थ्रेड समाप्त. कंदिलाच्या काचेत काही आढळले, तर छायाचित्र खाली अवश्य द्यावे.)